उद्या जेवायला या

१

मानेसरच्या पुढे, हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की जुन्या वाहनांचं एक खासगी संग्रहालय लागतं. श्रावस्ती तिथे लाकडाची डॉक्टर. हुद्दा लांबलचक आणि इंग्रजी होता, पण नवरा प्रफुल्ल घरी आलेल्या पाहुण्यांना हेच सांगायचा, आणि तिलाही ते आवडायचं. लोकांसाठी दार दहाला उघडायचं. नऊ ते दहा हा तास तिचा एकटीचा. हातात मोबाइलएवढं यंत्र घेऊन ती टांग्यापासून सुरुवात करायची, मग एक्का, मग मेणा, मग बहली, आणि सगळ्यात शेवटी दमणी. यंत्राच्या दोन सुया लाकडाला टेकवल्या की आत किती ओलावा आहे तो आकडा यायचा. दहा, साडेदहा, फार तर अकरा. वहीत लिहायचं आणि पुढे जायचं.

दमणी तीन महिन्यांपूर्वी वर्ध्याकडून आली होती. बैलांची सवारी गाडी. वर कमानीचं छत, बाजूंना पडदे, आत गादी. घरच्या बायकांना लग्नाकार्याला न्यायची. कुणा जमीनदार मालगुजाराच्या पडवीत साठ-सत्तर वर्षं पडून होती. कापड विरलेलं, पण सागवान खणखणीत. पुढची दांडी लाकडी टेकूवर उचलून ठेवली होती आणि तिच्या टोकाला जू, बैलांच्या मानेवर येतं ते आडवं लाकूड, जमिनीपासून चार फुटांवर.

त्या सकाळी जुवाच्या मधोमध आकडा आला दहा. डाव्या बाजूला, जिथे बैलाची मान येते तिथे, एकोणीस. उजव्या बाजूला तसाच, एकोणीस.

तिने सुया पुसल्या. नवे सेल घातले. एकोणीस.

"मीटर बदल यार," नोंदणी विभागातली कादंबरी म्हणाली. ती पुण्याची, दिल्लीत सहा वर्षं झालेली. "नाहीतर कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसलं असेल."

श्रावस्तीकडे त्याहून बरं कारण होतं. वर्षानुवर्षांचा बैलांचा घाम त्या दोन जागी मुरलेला असणार. घामात मीठ, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. अगदी सरळ. तिने तसं लिहूनही टाकलं. वही मिटता मिटता, मुलाचा ताप बघावा तसा, तिने हाताचा पालथा पंजा त्या डाव्या जागेला लावला.

लाकूड गरम होतं. उन्हात तापल्यासारखं नाही, अंगासारखं.

दालनात बावीस डिग्रीची वातानुकूलित हवा होती. वर दिवा नव्हता, खिडकी नव्हती. तिने टांग्याला हात लावला, गार. बहलीला लावला, गार. परत आली. उजवी जागासुद्धा गरम. मिठाचं कारण इथे लागू पडत नव्हतं, आणि दुसरं तिला सुचेना.

२

लक्ष्मीबाई नगरात प्रफुल्लला मिळालेल्या सरकारी घरात, दुसऱ्या मजल्यावर, तिचे बाबा तिची वाट बघत बसलेले असायचे. यशवंतराव कृषी भवनातून निवृत्त झालेले, वय एकोणऐंशी. दोन वर्षांपूर्वी आई, शैला, गेली आणि त्यांचं खाणं गेलं. आजार कुठलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, सब रिपोर्ट नॉर्मल हैं. पण चौसष्ट किलोंचा माणूस सत्तेचाळीसवर आला होता. ताटातला भात बोटांनी इकडून तिकडे करायचे आणि म्हणायचे, "झालं गं."

त्या संध्याकाळी काहीतरी बोलायचं म्हणून तिने दमणीचं सांगितलं. भातातलं बोट थांबलं.

"खांदा गरम लागतो?"

"खांदा नाही बाबा, जू. लाकूड."

"तेच ते." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बैल सोडलेच नाहीत वाटतं कोणी."

आणि बोलता बोलता त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं.

मग ती रोज सांगू लागली. आज किती आकडा आला, दांडी कशी आहे, चाकाची लोखंडी धाव किती झिजलीये. बाबा प्रश्न विचारायचे आणि एक एक घास जायचा. तिला दिल्लीत वाढल्यामुळे निम्मे शब्द कळायचे नाहीत. ते ताटात चमच्यांची गाडी मांडून दाखवायचे: हे जू, ही शिवळ, हिच्या आत मान. त्यांचे वडील मालगुजाराकडे सालगडी होते. गावच्या दमणीवर तेच असायचे. आतल्या गादीवर ते कधी बसले नाहीत, पण बैल त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाकेला उठत नसत.

"ही तीच दमणी असेल का हो?"

"छे. अशा दमण्या गावोगाव होत्या." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला घेऊन चल एकदा. पोळ्याच्या आधी."

"बाबा, आपल्याकडं पोळा कुठं होता?"

"सण मालकांचा असेल. बैल आपलेच होते. धुवायला आपण, चारायला आपण, रात्री कण्हले तर उठायलाही आपणच."

एवढं लांब वाक्य ते दोन वर्षांत बोलले नव्हते. ती कशाला नाही म्हणेल?

३

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने त्यांना संग्रहालयाच्या गाडीतून नेलं. दालनात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. यशवंतरावांनी दमणीभोवती एक फेरी मारली, चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवला, पडदा बाजूला करून आत पाहिलं.

"ही आपली नाही," ते म्हणाले. "आपलीच्या छताला पितळेचं फूल होतं."

तिला उगाचच हायसं वाटलं. तेवढ्यात हवेच्या यंत्राची घरघर दर वीस मिनिटांनी थांबायची तशी थांबली, आणि त्या शांततेत दुसरा एक आवाज उरला. संथ, ओलसर, दोन ठिकाणांहून येणारा. काहीतरी दळल्यासारखा. ती आवाजाकडे कान लावून होती तोवर यंत्र परत सुरू झालं.

"रवंथ करतायत," बाबा सहज म्हणाले. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून स्टीलची छोटी डबी काढली. तुपात कालवलेली हळद.

"बाबा, नाही! लाकडाला काही लावायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"लाकडाला कोण लावतंय?"

त्यांनी बोटभर तूप तळव्यावर घेतलं आणि जुवाच्या खाली, वीतभर अंतरावर, हवेत हात फिरवायला सुरुवात केली. गोल, दाबून, पुढून मागे. जोर लावल्यावर फुगतात तशा मनगटाच्या शिरा फुगत होत्या. ते पुटपुटत होते, तिने त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या गावच्या बोलीत. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

श्रावस्ती हसणार होती. मग तिने त्यांचा तळवा पाहिला. तूप संपलं होतं. त्यांनी परत घेतलं, परत चोळलं, परत तळवा कोरडा. तिने वाकून फरशी पाहिली, जू खालून पाहिलं. कुठे एक पिवळा थेंब नाही. डबी रिकामी झाली.

"आम्ही लहान असताना," हात पुसत ते म्हणाले, "बा खांदे चोळायचा आणि आवतण मालक द्यायचा. ज्याचे बैल त्याचंच आवतण. मी बाला म्हणायचो, आपण बोलवू ना त्यांना आपल्या घरी. तो म्हणायचा, बोलवायला घर लागतं रे."

मग त्यांनी जुवाकडे तोंड करून, टपालवाल्याला सांगावं तसा पत्ता सांगितला. लक्ष्मीबाई नगर, ब्लॉक, नंबर. "दुसरा मजला आहे," असंही सांगितलं.

निघताना श्रावस्तीने मागे वळून पाहिलं नाही. का ते तिने स्वतःला विचारलंही नाही.

४

पोळ्याच्या दिवशी तिने रजा टाकली आणि पुरण शिजत घातलं. प्रफुल्ल गुवाहाटीला दौऱ्यावर होता. सव्वानऊला कादंबरीचा फोन आला.

"अगं, तुझी दमणी. दांडी टेकूवरून खाली आलीये. पडली नाही, कोणीतरी उचलून अलगद ठेवावी तशी. एक ओरखडा नाही. गार्ड म्हणतो सहाला बघितली तेव्हा वर होती, साडेसहाला बघितली तर खाली."

"जुवाला मीटर लाव."

कादंबरी गेली, परत आली. "दोन्हीकडं दहा. चलो, तुझं एक टेन्शन गेलं."

श्रावस्तीने हाताचा पालथा पंजा लावायला सांगितला नाही. फोन ठेवून ती गॅसपाशी उभी राहिली आणि तिच्या मनाने तिला न विचारता हिशेब मांडला: मानेसर ते घर पंचेचाळीस किलोमीटर, बैल तासाला चार. साडेसहाला निघाले तर संध्याकाळी सहा.

तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिने मोबाइलवर रस्त्याचा नकाशा उघडला. गुडगावकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, हिरव्या रेघेत, नखाएवढा एक लाल तुकडा होता. त्यात नवल काहीच नव्हतं. त्या रस्त्यावर गर्दी कधी नसते? पुढे मागे मोकळं आणि मध्येच तुंबलेलं, असंही होतंच.

दहाला तो तुकडा हीरो होंडा चौकापाशी होता. एकला सरहौलच्या सीमेवर. लांबी तेवढीच. श्रावस्ती पोळ्या लाटत होती, पिठाच्या बोटाने पडदा पुसून परत बघत होती. तीनला महिपालपूर. तिथून वाहनं सरळ धौला कुआँकडे जातात. लाल तुकडा उजवीकडे वळला. पावणेपाचला तो मुनिरकापाशी होता.

"कुठवर आले?" बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

तिने त्यांना काही दाखवलं नव्हतं. "मुनिरका," ती म्हणाली, आणि आपण उत्तर दिलं हे कळल्यावर तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मग दमले असतील. पाणी भरून ठेव, बादलीत."

५

यशवंतरावांनी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. दार पूर्ण उघडलं, खुर्च्या भिंतीला सारल्या, मध्ये सतरंजीवर दोन परातींत पुरणपोळ्या ठेवल्या आणि शेजारी बादली. मग ते पलीकडे पाट घेऊन बसले, मुलीला बघायला पाहुणे येणार असावेत तसे सावरून.

सहा वाजून गेले. खालच्या रस्त्यावर कुत्री भुंकत होती, ती एकदम थांबली.

मग जिन्यावर आवाज आला. टक्. थांबून, टक् टक्. जड. पायरीच्या कडेवर काहीतरी घसरलं आणि सावरलं. फुसकन् सोडलेला श्वास. श्रावस्ती स्वयंपाकघराच्या चौकटीत होती. तिला तिथून दार दिसत होतं आणि दारात कोणी नव्हतं. आवाज पहिल्या मजल्याच्या वळणावर आला. तिला वाटलं, पुढे होऊन दार लावावं. अजून वेळ होता. चार पावलं फक्त.

खालून, पहिल्या मजल्यावरच्या चेतनाभाभीची हाक आली, "भाभीजी, फर्नीचर आ रहा है क्या ऊपर? ज़रा संभाल के, दीवार हिल रही है!"

चेतनाभाभीला ऐकू येत होतं. श्रावस्तीला आपलं डोकं ठिकाणावर आहे हे कळलं, आणि त्याने भीती कमी झाली नाही, वाढली.

दाराचा पडदा दोन्ही बाजूंनी सरकला आणि थोडा वेळ तसाच, पोटाशी तटल्यासारखा, ताणून राहिला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. खोलीत ओल्या केसांचा आणि धुळीचा वास भरला. बादलीतलं पाणी आवाज करत खाली गेलं.

"या," बाबा म्हणाले. "बसा म्हणत नाही. जेवा."

ती परातींकडे बघू शकली नाही. ती बाबांकडे बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खात होते. आपल्या पाटासमोरच्या ताटातून, मोठे मोठे घास घेऊन. एक पोळी, दुसरी, तिसरी. तिसरीवर त्यांनी तूप मागितलं. तूप न्यायला तिला खोली ओलांडावी लागणार होती. ती भिंतीला पाठ लावून, बाजूबाजूने, श्वास धरून गेली. तिच्या बाहीला काहीतरी गरम घासलं.

दोन्ही पराती चाटूनपुसून चकचकीत झाल्या होत्या.

"आता?" तिने कुजबुजत विचारलं.

यशवंतरावांनी तोंड पुसलं आणि जिन्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच चूक केल्यासारखा भाव आला. "जनावर जिना चढतं गं," ते म्हणाले. "उतरत नाही."

६

तर ते राहिले. बाल्कनीलगतच्या खोलीत, यशवंतरावांच्या खाटेपाशी.

प्रफुल्ल परत आला आणि म्हणाला, "घरात गवताचा वास येतोय यार, बाबांनी कुंड्या आणल्या का?" त्याला आणखी काही जाणवलं नाही. श्रावस्तीनेही सांगितलं नाही. काय सांगणार होती? बाबा दोन वेळा जेवत होते. सकाळी स्वतःच्या हाताने पोळी कुस्करून खोलीत न्यायचे. डिसेंबरात वजन अठ्ठावन्न झालं. डॉक्टर म्हणाले, देखा, सब नॉर्मल था. थंडीत सगळी कॉलनी हीटर लावून बसली असताना ती खोली उबदार असायची.

तिला मात्र सवय झाली नाही. त्या खोलीत ती कधी सरळ चालत गेली नाही, भिंतीला हात लावून, जागा देत देत जायची. एका दुपारी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती आणि मागे वळली तर दार बंद वाटलं. दार उघडंच होतं, पण खोलीतला उजेड येत नव्हता. काहीतरी आडवं उभं होतं. ती ओले कपडे हातात घेऊन उभी राहिली. वीस मिनिटं. बाबा बागेतून फिरून आले, आत काहीतरी थोपटल्याचा आवाज झाला आणि उजेड परत आला.

"तुला घाबरतायत ते," बाबा म्हणाले. "तू बोलत नाहीस ना त्यांच्याशी."

फेब्रुवारीत प्रफुल्लची नागपूरला बदली झाली. घर सोडायचं होतं. आनंदाची बातमी म्हणून त्याने पेढे आणले. यशवंतरावांनी पेढा हातात धरून ठेवला.

"मी नाही येत," ते म्हणाले.

प्रफुल्लने समजावलं, चिडला, परत समजावलं. त्याच रात्रीपासून ताटातला भात पुन्हा बोटांनी इकडून तिकडे होऊ लागला. चार दिवस श्रावस्तीने पाहिलं. पाचव्या दिवशी ती त्यांच्या खाटेवर जाऊन बसली.

"उतरवायचं कसं असतं त्यांना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पुढं माणूस लागतो. ओळखीचा. त्यांच्याकडं तोंड करून, मागं मागं जाणारा. माझे पाय..." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पायरी चुकली त्यांची, तर पुढच्या माणसाचं काही उरत नाही गं."

"बोलायचं काय असतं?"

"होऽ राजा, थिर थिर."

तिने म्हणून पाहिलं. चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं. दिल्लीत शाळेत शिकलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने दोन दिवस, पाढे घोकावेत तसे, बैलांचे शब्द घोकले.

७

सामानाचा ट्रक गेला. प्रफुल्ल त्याच्यासोबत पुढे गेला. दुपारचे बारा वाजले होते आणि रिकाम्या घरात नुसतं ऊन पडलं होतं. यशवंतराव वरच्या कठड्याला धरून उभे राहिले. श्रावस्ती पहिल्या पायरीवर, जिन्याकडे पाठ करून. तिने हात पुढे केले, तळवे वर. तळव्यांवर उबदार, ओला श्वास आला.

"होऽ राजा," ती म्हणाली. "थिर थिर."

एक पायरी. टक्. दुसरी. तिच्या चेहऱ्यासमोर काही नव्हतं, वर कठड्यापाशी उभे बाबा स्वच्छ दिसत होते, आणि तरी तिला कळत होतं की काही क्विंटल वजन तिच्यावर झुकून, थरथरत उभं आहे. दर पायरीला एक दीर्घ फुस्कारा. ती न थांबता बोलत होती. पहिल्या मजल्यावर चेतनाभाभीने दार उघडलं, उलटी उतरणारी, हवेशी बोलणारी श्रावस्ती पाहिली आणि दार हळूच लोटून घेतलं. अठ्ठावीस, एकोणतीस. तळमजला. ती बाजूला झाली. काहीतरी तिच्या शेजारून उन्हात गेलं, थांबलं, आणि एका खरखरीत जिभेने तिच्या मनगटावरचा घाम चाटला.

एक आला होता.

ती दुसऱ्यासाठी वर गेली. तळवे पुढे केले. काहीच नाही. बोलली, परत बोलली. वर खुरांची अस्वस्थ चुळबुळ, पण पायरीवर पाय येईना.

"जोडीदार दिसत नाही ना त्याला," बाबा म्हणाले.

तेव्हा खालून तो हंबरला.

भाजीवाल्याने ठेला थांबवला. गेटवरचा गार्ड उठून उभा राहिला. तो आवाज सगळ्या ब्लॉकने ऐकला, आणि वरच्याने त्याला उत्तर दिलं, श्रावस्तीच्या तोंडावर. मग तो निघाला. थिर नाही, पायरी पायरीने नाही. खुरांचा गडगडाट. श्रावस्ती तीन पायऱ्या मागे गेली, चौथी चुकली, आणि वळणाच्या भिंतीला पाठ चिकटवून तिने डोळे मिटले. मिटले खरे, पण पूर्ण नाही.

एक श्वासभर ते सगळं तिच्या आणि उजेडाच्या मध्ये होतं. पांढरी, धुळीने माखलेली कूस. मानेवर तळव्याएवढी केस नसलेली जागा, जुवाने सोलवटलेली, तिच्यावर नव्याने आलेली मऊ लव आणि लवेत वाळलेली पिवळी हळद. आणि एक मोठा डोळा, भीतीने पांढरा पडलेला, तिच्याकडे वळलेला. तो घाबरला होता. तिच्याइतकाच. कुशीने तिला भिंतीशी दाबलं, हाडं वाजली, आणि त्याने जीव खाऊन स्वतःचं अंग दुसरीकडे ओढून घेतलं. तेवढ्या चार बोटांच्या जागेत ती वाचली.

मग जिना रिकामा होता.

ती वर गेली. बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या पाठीवरचा चुना झटकला, तिच्या कुर्त्याला चिकटलेला एक आखूड पांढरा केस चिमटीत धरून उजेडात पाहिला, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरू लागले. "बोललीस चांगली," मध्येच म्हणाले.

स्टेशनला जायची टॅक्सी गेटबाहेर उभी होती. दोघं मागे बसली. गाडी सुरू झाली तशी यशवंतराव पुढे वाकले.

"भैया, ज़रा धीरे चलाना. पीछे बैल हैं."

श्रावस्तीने ओशाळून ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने वरच्या आरशात नजर टाकली. ती तिथेच राहिली, जरा जास्तच वेळ. मग त्याने रेडिओ बंद केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, आणि निजामुद्दीन येईपर्यंत गाडी पहिल्या गिअरवरून वर नेली नाही.